सचिव उंच आहेत

वेलांटीबाईंचं लग्न ठरलं तेव्हा छापून आलेल्या अडीचशे पत्रिकांवर ‘वधू’मधला धू ऱ्हस्व पडला होता. घरात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण वधू स्वतःच वर्षभरापूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागली होती. छापण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकायच्या, हेच तिचं काम. तिनं लाल पेन घेतलं, जमिनीवर फतकल मारली आणि अडीचशेच्या अडीचशे पत्रिकांवरचा उकार हातानं दीर्घ केला. वर प्रत्येकीच्या समासात खूणही केली, कारण खुणेशिवाय दुरुस्ती करणं तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. पत्रिका मुलाकडे पोचल्या. “मुलगी जरा काटेकोर दिसते,” होणारे सासरे काळजीच्या सुरात म्हणाले. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावून तो उकार न्याहाळला आणि म्हणाला, “हात स्थिर आहे.” झालं, लग्न लागलं.

पुढे एकतीस वर्षं वेलांटीबाई त्याच छापखान्यात, त्याच खिडकीपाशी बसून वाचत राहिल्या. औषधांच्या बाटल्यांबरोबर येणारे घड्या घातलेले कागद, बसची वेळापत्रकं, शाळेच्या प्रगतिपुस्तकांचे नमुने, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. वेलांटीबाई हे नाव अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटर मंडळींनी ठेवलेलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि एकदा तर हजेरीपटावरही तेच छापून आलं. बाईंनी ते तपासलं, वेलांटी बरोबर आहे असं पाहिलं आणि सही केली.

ह्या कामात एक मोठी गोम होती. चूक राहिली की बाईंचं नाव निघायचं. चूक गेली की कुणाचंच नाव निघायचं नाही. लाल खुणांनी भरलेले कागद संध्याकाळी पोत्यात जात आणि पोतं रद्दीत. आपण आयुष्यभरात काय केलं हे दाखवायचं म्हटलं, तर बाईंपाशी फक्त उजव्या मधल्या बोटावरचा घट्टा होता.

निवृत्त झाल्यावर पहिला महिना त्यांनी साबणाची खोकी, टूथपेस्टची नळी आणि नवऱ्याच्या दुकानाची पाटी तपासण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात त्यांची नजर तळमजल्यावरच्या सूचनाफलकाकडे गेली.

फलक इमारत समितीच्या सचिवांच्या ताब्यात होता. सचिव म्हणजे शाळेतले माजी व्यायामशिक्षक. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. चांगले सहा फूट दोन इंच, आणि समोर एकच माणूस असला तरी अख्ख्या मैदानाशी बोलल्यासारखं बोलायचे. त्यांनी सूचना लावली होती: ‘लिफ्ट दुरूस्तीचे काम लवकरच सुरु होईल. गैरसोयीबद्दल दिलगिर आहोत.’ बाईंनी लाल पेनानं तीन ठिकाणी दुरुस्ती केली आणि खाली ‘एकूण तीन’ असं लिहिलं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी फलकाला काच बसवून कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी काचेवरूनच उकार-वेलांट्या काढल्या, आतल्या अक्षरांवर अगदी बेतून. पण त्या बाईंच्या उंचीच्या माणसाला बेताच्या. मास्तर वरून बघायचे, त्यांना सगळ्या खुणा भलत्याच अक्षरांवर बसलेल्या दिसायच्या, आणि सूचना वाचताना त्यांची जीभच अडखळायची.

हे प्रकरण हाताबाहेर जाणार असं दिसताच बाईंच्या नवऱ्यानं, म्हणजे घड्याळवाल्या काकांनी, बाईंच्या भाचीला फोन लावला. भाची सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन हजर झाली.

“आत्या, तू स्वतःचं काहीतरी लिही. आणि मग त्यात हव्या तेवढ्या चुका काढ.”

“मी चुका करतच नाही. मग काढू कुठून?”

“प्रयत्न तर करून बघ.”

भाचीनं स्वतःसाठी ब्लॉग लिहायचा एक छोटासा प्रोग्राम बनवला होता, पुरता तीनशे ओळींचासुद्धा नाही. ती तो उघडून दाखवायला लागली. पडद्यावर होता कोरा चौकोन आणि लुकलुकणारी एक रेघ.

“ह्यात चित्रं नाहीत. रंग नाहीत. अक्षर जाड करता येत नाही. कुणाला आवडलं, कुणाला नाही, तेही कळत नाही. खाली कुणी काही लिहूही शकत नाही.”

“मग आहे तरी काय?” काकांनी विचारलं.

“साधा मजकूर. आणि त्याचा सगळा इतिहास.” भाची आत्याकडे वळली. “आत्या, हे नीट ऐक. तू एक काना जरी बदललास, तरी आधीचं काय होतं आणि नंतर काय झालं, दोन्ही कायम राहतं. आम्ही प्रोग्रामर लोक आमचं काम असंच सांभाळतो, व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आणि प्रत्येक बदलापाशी हा प्रोग्राम विचारतो, का बदललं? त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही.”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

“म्हणजे दुरुस्ती रद्दीत जात नाही?”

“कधीच नाही.”

“आणि समासातली खूण?”

“ती तर सगळ्यांना दिसते. लेखाखाली ‘इतिहास’ असं लिहिलंय ना, तिथं बोट लावलं की झालं.”

घड्याळवाल्या काकांनी नंतर सांगितलं की, लग्नातसुद्धा बायकोचा चेहरा इतका उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवशी अर्थात तिचं लक्ष पत्रिकांकडे होतं.

बाईंनी पहिला लेख लिहिला. नाव ‘आमची इमारत’. संपूर्ण लेख असा होता:

‘आमच्या इमारतीत चार मजले व एक लिफ्ट आहे. लिफ्ट जुनी पण विश्वासू आहे. समितीचे सचिव प्रामाणिक व तत्पर आहेत. शेजारी प्रेमळ आहेत.’

लिहून झाल्यावर त्या दोन दिवस त्याकडे बघत बसल्या. एकही चूक सापडेना. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी त्या भाजी घेऊन येताना लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. सुटका झाल्यावर भाजी तशीच दारात टाकून त्या लॅपटॉपपाशी गेल्या आणि पहिली दुरुस्ती झाली. नोंद अशी:

‘“विश्वासू” काढले. आज पंचवीस मिनिटे मधल्यामध्ये उभी होते. तेव्हा हा शब्द आठवला.’

एकदा धरण फुटलं म्हणजे फुटलंच. पाठोपाठ:

‘“तत्पर” काढले. कारण वरीलप्रमाणे.’

‘“प्रामाणिक व” यातले “व” काढले. आता जोडायला काही उरले नाही.’

आणि दुसऱ्या दिवशी, चहा पिऊन शांत डोक्यानं:

‘“प्रामाणिक” काढले. असत्य आहे असे नव्हे; पुरावा हाताशी नाही.’

आता लेखात उरलं होतं, ‘समितीचे सचिव आहेत.’ बाईंनी ते वाक्य तीनदा मोठ्यानं वाचलं आणि शेवटची नोंद केली: ‘वाक्य आता निर्दोष आहे.’ मग ‘शेजारी प्रेमळ आहेत’चं ‘काही शेजारी प्रेमळ आहेत’ झालं, त्याचं ‘शेजारी बहुधा प्रेमळ असावेत’ झालं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी सकाळी सहाला कपाट सरकवल्यावर फक्त ‘शेजारी आहेत’ उरलं.

लेख कुणी वाचत नव्हतं. वाचण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण इतिहास लोक वाचायला लागले. सुरुवात भाचीच्या कचेरीतून झाली. तिथले प्रोग्रामर स्वतः बदल करताना ‘दुरुस्त केलं’, ‘परत दुरुस्त केलं’, ‘आता तरी चालू दे’ असल्या नोंदी करायचे. त्यांना बाईंच्या नोंदी म्हणजे मेजवानीच वाटली. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी ते बघायचे, आत्यानं आज काय काढलं? त्यांच्या साहेबांनी ‘आता जोडायला काही उरले नाही’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलं. एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता ती गोष्ट पुन्हा बाईंच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मास्तरांची दाढ दुखायला लागली.

मास्तर खुर्चीत आडवे. तोंड उघडं. तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी. डॉक्टरीणबाई स्वभावानं गप्पिष्ट, आणि त्यांना सवयच होती की समोरच्याला बोलता येत नाही तोवर आपण बोलून घ्यायचं.

“मास्तर, तुमच्याबद्दल लिहिलेलं वाचलंत का हो?”

“आँ?”

“चौथ्या मजल्यावरच्या वेलांटीबाईंनी. आधी तुम्ही प्रामाणिक आणि तत्पर होतात.”

“आँ.” ह्या वेळी जरा समाधानानं.

“मग तत्पर गेलं.”

“आँ?”

“मग प्रामाणिक गेलं. पुरावा हाताशी नाही म्हणे. आता तुम्ही नुसतेच आहात. जरा मोठा आ करा.”

मास्तरांनी एवढा मोठा आ केला की डॉक्टरीणबाईंना अक्कलदाढही दिसली, जिच्याबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं.

पंधरा मिनिटांनी मास्तर चौथ्या मजल्यावर. जिन्यानं, कारण लिफ्ट बंद. अर्धा जबडा औषधानं बधिर झालेला. काकांनी दार उघडलं तर समोर सहा फूट दोन इंच संताप उभा.

“माझं फ्रामाणिक कुठंय?” मास्तर गरजले.

“काय कुठंय?” काकांना कळेना.

“फ्रामाणिक! वहिनी, माझं फ्रामाणिक फरत द्या!”

वेलांटीबाई आतून आल्या. “मास्तर, आधी बसा. शब्द हवा असेल तर आत्ता घालते. मला काय, एक ओळ. पण कारण लिहावं लागेल, नाहीतर हा प्रोग्राम पुढे सरकत नाही.”

“लिहा फाहिजे ते!”

बाईंनी शब्द परत घातला आणि नोंद केली. मास्तर वाकून वाचायला लागले: ‘“प्रामाणिक” परत घातले. कारण: सचिव घरी आले आणि त्यांनी ते मागितले.’

“हे खोडा!”

“खोडते की.” बाईंनी लिहिलं: ‘“प्रामाणिक” पुन्हा काढले. सचिवांना कारण पसंत पडले नाही.’

“अहो, शब्द नाही, कारण खोडा!”

“कारणात खाडाखोड होत नाही, मास्तर. कारणाचं कारण तेवढं लिहिता येतं.”

काकांनी मध्ये पडून चहा आणला. मास्तरांनी तो तोंडात घेतला आणि डाव्या कोपऱ्यातून तो सगळा सदऱ्यावर परत आला. शेवटी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, आता पुसण्यात अर्थ नाही, एक्केचाळीस जणांनी आधीच इतिहासासकट पूर्ण प्रत उतरवून घेतली आहे. मास्तर मटकन खुर्चीत बसले.

“पण मास्तर, तुम्ही बदल सुचवू शकता,” भाची फोनवरून म्हणाली. “स्वतःची फांदी काढा.”

“फांदी?”

“म्हणजे लेखाची तुमची वेगळी प्रत. तिच्यात काय हवं ते लिहा आणि आत्याकडे पाठवा. पटलं तर ती मूळ लेखात जोडून घेईल. नाही पटलं, तर का नाही ते तिला लिहून द्यावं लागेल.”

हे मास्तरांच्या मनाला भिडलं. नियम म्हटला की मास्तर खूश. आठ दिवस ते रोज सकाळी साडेसहाला उठून, आधी जोर-बैठका काढून, मग कॉम्प्युटरपुढे ताठ बसून ते सगळं शिकले. नवव्या दिवशी त्यांची पहिली सूचना आली: ‘समितीचे सचिव हे प्रामाणिक, तत्पर, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, निर्व्यसनी, उंच व सर्वांचे लाडके आहेत.’

बाईंनी ती दुपारभर तपासली. एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हती. त्यांच्या मनात मास्तरांबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर उत्पन्न झाला. मग उत्तर गेलं: ‘“उंच” स्वीकारले. मोजता येते. बाकी प्रलंबित.’

त्या दिवसापासून लेखात ‘समितीचे सचिव उंच आहेत’ असं दिसायला लागलं.

प्रलंबित म्हणजे नाकारलेलं नव्हे, हे मास्तरांच्यातल्या खेळाडूनं बरोबर हेरलं. बाईंना पुरावा हवा ना? देऊ पुरावा. त्यांनी लिफ्टच्या मेकॅनिकला गाठलं. तो तीन महिने ‘उद्या येतो’ म्हणत होता. मास्तर त्याच्या दुकानासमोर जाऊन शिट्टी वाजवत उभे राहिले आणि तो हत्यारांची पेटी घेईपर्यंत थांबले नाहीत. पुढचे चार दिवस मेकॅनिक खड्ड्यात आणि मास्तर खड्ड्याच्या काठावर. लोखंडी दोर बदलला, दाराची कडी बदलली, वर जाताना येणारा रडका आवाजही गेला. मास्तरांनी तारीखवार अहवाल लिहून बाईंकडे पाठवला. साधा मजकूर, चित्र नाही, रंग नाही.

दरम्यान गोंधळ वेगळाच झाला. काकांनी बायकोला खूश करायला गुपचूप आपलीही एक फांदी काढली होती. तिच्यात त्यांनी लिहिलं, ‘आमच्या इमारतीत चार मजले व एक लिफ्ट होती.’ त्याच सकाळी मास्तरांनी तीच ओळ बदलून पाठवली: ‘आमच्या इमारतीत चार मजले व एक उत्तम लिफ्ट आहे.’ प्रोग्रामनं हात टेकले. त्यानं दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या, मध्ये रेघांची भिंत उभी केली आणि सांगितलं की ह्यातलं काय ठेवायचं ते माणसांनी ठरवावं.

माणसं ठरवायला जिन्यात जमली. अकरा घरांतली सगळी. ‘आहे’ की ‘होती’ ह्यावर पाऊण तास वाद झाला. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, चालत नव्हती तेव्हाही लिफ्ट ‘होती’च, दात किडला तरी तो तोंडात असतोच की. पहिल्या मजल्यावरचे शिंपीमामा म्हणाले, त्यांनी लिफ्ट कधी वापरलीच नाही, तेव्हा त्यांच्या बाजूनं ‘ऐकिवात आहे’ असं लिहावं. काका आपल्या ‘होती’ला चिकटून राहिले.

“अहो, पण ती आता चालतेय ना!” बाई म्हणाल्या.

“मला काय ठाऊक? मी भांडण ऐकायला जिन्यानंच आलो.”

शेवटी बाई उठल्या. “थांबा. मी बघून येते.” त्या लिफ्टमध्ये शिरल्या, दार लागलं, आणि जिन्यात उभी असलेली अकरा घरं माना वर-खाली करत राहिली. लिफ्ट चौथ्यावर गेली. खाली आली. परत वर गेली. मास्तर छाती पुढे काढून, श्वास रोखून उभे. तिसऱ्या फेरीनंतर बाई चौथ्या मजल्यावर बाहेर आल्या, थेट घरात गेल्या आणि टंकलेखनाचा आवाज आला. सगळ्यांनी आपापले फोन काढले.

‘“आहे” कायम. “उत्तम” नाकारले. “तत्पर” स्वीकारले: पुरावा पाहिला, तीन वेळा वर-खाली जाऊन आले.’

मास्तरांचे डोळे भरून आले. शिंपीमामांनी त्यांना रुमाल दिला आणि वर सदरा पाहून म्हणाले, खांद्यात जरा उसवलाय, आणून द्या.

‘प्रामाणिक’ मात्र अजून प्रलंबितच आहे. मास्तर म्हणतात, घाई नाही.

मागच्या महिन्यात भाचीच्या कचेरीनं बाईंना बोलावलं. नोंद कशी लिहावी ह्यावर चार शब्द सांगा म्हणाले. बाई गेल्या. वीस-बावीस पोरंपोरी समोर, सगळ्यांपुढे लॅपटॉप. बाईंनी आधी भिंतीवरच्या त्या छापील वाक्यातलं एक टिंब दुरुस्त करायला लावलं. मग एका मुलीनं विचारलं, “आत्या, तुमची आजवरची सगळ्यांत चांगली दुरुस्ती कुठली?”

हे बाईंनी घरीही कधी सांगितलं नव्हतं. एका मिक्सरच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं होती, म्हणाल्या. त्यात छापलं होतं, ‘यंत्र चालू असताना भांड्यात हात घालावा.’ मी ‘घालावा’चं ‘घालू’ केलं आणि पुढे ‘नये’ घातलं. साठ हजार पुस्तिका निघाल्या.

“मग? मालक काय म्हणाले?”

“मालक म्हणाले, बाई, तुमच्यापायी ओळ लांबली, शेवटचा शब्द खाली गेला.”

पोरं खो खो हसली. हसता हसता एकेक जण आपल्या बोटांकडे बघायला लागला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला. बाईंनी पर्स उघडली, बंद केली, आणि पाणी मागितलं.

घरी आल्यावर त्यांनी दुसरा लेख लिहिला. त्या ‘नये’वरचा, सहा ओळींचा. आज बारा दिवस झाले, त्यात त्यांनी स्वतः एकही बदल केलेला नाही. मास्तरांनी चार सुचवलेत. दोन बाईंनी स्वीकारले, आणि एका नोंदीत लिहिलं आहे: ‘चूक माझीच. मास्तर, चहाला या.’